सात अक्षरं, मध्ये टी: लांब इंग्रजी शब्द दिसायला लागतात कसे?

सोलापूरची_आई

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. मी स्वतः मराठी माध्यमातली, पुढे कॉमर्स केलं. रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी अर्धा तास मोबाइलवर शब्दांचा एक खेळ खेळतो. मधाच्या पोळ्यासारखी सात घरं असतात, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर. मधल्या घरातलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे. बाकीची सहा हवी तर घ्या, नको तर सोडा, एकच अक्षर दोनतीनदा घेतलं तरी चालतं. शब्द चार अक्षरांहून लहान नको. सातही अक्षरं ज्यात येतील असा शब्द सापडला तर गुण जास्त.

इथे सगळं देवनागरीतच लिहायचा नियम आहे म्हणून अक्षरांची नावं लिहिते. ए म्हणजे ॲपलमधला, ई म्हणजे एगमधला, आय म्हणजे इंकमधला.

परवाची अक्षरं होती: मध्ये टी, भोवती ए, आय, ओ, एल, एन, आर. आम्हाला मिळाले ट्रेन, टेल, ट्रेल, टोटल, नोशन, लोशन. त्यापुढे गाडी सरकेना. दुसऱ्या दिवशी उत्तर बघितलं तर त्यात 'इरॅशनल' होता. दहा अक्षरांचा. आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा आहे, सेमीच्या पुस्तकात रॅशनल आणि इरॅशनल. पोरीनं हा शब्द वहीत शंभरदा लिहिलाय. माहीत असलेला शब्द समोर असून दिसला नाही, याचं तिला रडूच आलं. मला तिला समजावता येईना, कारण मलाही दिसला नव्हता.

उत्तरं काढून देणारी संकेतस्थळं आहेत हे ठाऊक आहे. ती नकोत. डोळ्याला वळण कसं लावायचं ते सांगा.

आणखी एक. तिच्या बाईंनी वर्गात विचारलंय: पाचही स्वर ज्यात आहेत असे लांब शब्द आणा. आमच्याकडे 'एज्युकेशन' एवढा एकच आहे.

पिंपरीचा_कोडवाला

ताई, आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या, कारण लोक तीन निराळे प्रश्न एकाच नावानं विचारतात. एक, *फक्त* या अक्षरांनी बनलेला शब्द. दोन, ही *सगळी* अक्षरं ज्यात आहेत, मग बाकी काहीही असो. तीन, ही अक्षरं *याच क्रमानं* आली पाहिजेत. तुमचा खेळ पहिल्या जातीचा, बाईंचा प्रश्न दुसऱ्या. दोन्हींना शोधायची तऱ्हा वेगळी लागते.

तुम्हाला संकेतस्थळं नकोत हे वाचलं. तरी मुलगी शाळेत कॉम्प्युटर शिकत असेल तर तिला हे एकदा करू द्या, कारण यात उत्तर आयतं मिळत नाही, प्रश्न नीट मांडावा लागतो. लिनक्सवर किंवा मॅकवर ग्रेप नावाची आज्ञा असते, तिला वजा चिन्ह आणि मोठा ई जोडायचा. शब्दांची यादी असलेली फाइल घ्यायची आणि नमुना द्यायचा: सुरुवातीला कॅरटची खूण, मग चौकटी कंसात सात अक्षरं, लगेच महिरपी कंसात ८ आणि स्वल्पविराम, शेवटी डॉलर. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत या सातांशिवाय काही नको, आणि लांबी निदान आठ. आलेल्या यादीतून टी नसलेले काढून टाकायचे, झालं. पाच स्वरांसाठी पाच चाळण्या एकापुढे एक लावायच्या: आधी ए असलेले शब्द, त्यातून ई असलेले, त्यातून आय, ओ, यू.

यादी मात्र बघून घ्या. मॅकमध्ये असते ती १९३४ च्या वेबस्टरच्या मोठ्या कोशावरून केलेली आहे, सुमारे २ लाख ३५ हजार शब्द. त्यात जुनेपुराणे शब्द भरपूर, अनेकवचनं बहुतेक नाहीत. खेळासाठी 'एनेबल' नावाची मोफत यादी बरी, साधारण १ लाख ७३ हजारांची.

बाईंसाठी: 'सेक्वोया' (कॅलिफोर्नियातले ते प्रचंड वृक्ष) सातच अक्षरांत पाचही स्वर बसवतो. 'इक्वेशन' आठ अक्षरी, 'कॉलिफ्लॉवर' अकरा, 'अनक्वेश्चनेबल' चौदा. 'फसीशस' म्हणजे थट्टेखोर, त्यात ए, ई, आय, ओ, यू ओळीनं येतात, 'ॲबस्टीमिअस' म्हणजे मिताहारी, त्यातही. आणि माझा सगळ्यात आवडता: 'सबकॉन्टिनेन्टल'. आपल्या भारतीय उपखंडाचं विशेषण. चौदा अक्षरं आणि स्वर बरोबर उलट्या क्रमानं: यू, ओ, आय, ई, ए. बाईंना हा सांगाच.

कराडचा_जुळारी

ताई, तुमच्या लेकीला रडू आलं हे वाचून राहवलं नाही. मोठं उत्तर लिहितोय, सवडीनं वाचा.

मी १९७६ साली कराडला एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. जुळारी म्हणजे कंपोझिटर, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा. १९९८ पर्यंत तेच केलं. शिक्षण अकरावी नापास. इंग्रजी वाचून कळायचं ते निम्मं, पण इंग्रजी शब्द हातानं बांधले लाखांनी. ते हातानं शिकलेलं सांगतो.

इंग्रजीच्या दोन केस असत. केस म्हणजे खणाखणांचा लाकडी उथळ खोका. वरच्यात मोठी अक्षरं, खालच्यात लहान. अपर केस, लोअर केस हे आज मोबाइलवर दिसणारे शब्द तिथूनच आले. मराठीला शेकडो खण लागायचे, जोडाक्षरं, काने, वेलांट्या, सगळं निराळं. इंग्रजीचं सोपं. पण खालच्या केसमधले खण सारख्या आकाराचे नसतात. ई चा खण सगळ्यात मोठा आणि हाताच्या अगदी पुढ्यात. ए, टी, ओ, आय, एन, आर, एस यांचे त्याच्या खालोखाल. क्यू, झेड, जे, एक्स यांना कडेला काडेपेटीएवढी जागा. इंग्रजी भाषा कोणतं अक्षर किती खाते, ते त्या लाकडावर उघडं दिसायचं.

हे आम्हाला सगळ्यात टोचायचं ते परीक्षेच्या दिवसांत. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका यायच्या. प्रत्येक प्रश्नाच्या आधी मोठा क्यू आणि आकडा. इंग्रजीला क्यू लागतो किती, या हिशेबानं फाउंड्रीनं खिळे दिलेले, आणि आमच्याकडे एका रात्रीत चार विषय. सगळे क्यू संपायचे. मग आम्ही त्या जागी कुठलाही त्याच जाडीचा खिळा उलटा, पायाकडून वर करून लावायचो. प्रूफ काढलं की तिथे काळे ठसे उठायचे. एक पान छापून खिळे सुटले की तेच क्यू पुढच्या पानाला. पहाटे तीनला क्यू मोजत बसलोय मी. तेव्हापासून मला कोणताही इंग्रजी शब्द दिसला की तो कोणत्या खणांतून उचलावा लागेल ते आधी दिसतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या खेळातली ती सात अक्षरं बघा: टी, ए, आय, ओ, एल, एन, आर. एकही कडेच्या खणातलं नाही, सगळी मोठ्या खणांतली. अशी अक्षरं आली की लांब शब्द असणारच, आणि तो *शेपटाकडून* सापडतो. आमच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. आख्खा शब्द नजरेत घेऊन जुळवणं नवख्याला जमत नाही. म्हणून उस्तादांनी मला शब्द शिकवलेच नाहीत, शेपटं शिकवली. टी-आय-ओ-एन. आय-एन-जी. एम-ई-एन-टी. ए-बी-एल-ई. एन-ई-एस-एस. हात न बघता त्या त्या खणांवर गेला पाहिजे, एका दमात. महिन्याभरानं माझा हात 'शन' असा आवाज ऐकला की आपोआप चार खिळे उचलायचा.

तर अक्षरं समोर आली की शब्द शोधू नका. आधी विचारा, यांतून कोणती शेपटं निघतात? तुमच्यात निघतात: टी-आय-ओ-एन, त्याच्या आधी ए लावून ए-टी-आय-ओ-एन, मग ए-एल, आय-ए-एल, ए-एन-टी. ती कागदाच्या उजव्या बाजूला लिहून ठेवा. आता डावीकडे काय राहतं ते बघा.

घरात रेशन कार्ड असेलच. त्यावरचं इंग्रजी 'रेशन' कसं लिहितात? आर-ए-टी-आय-ओ-एन. सहाच्या सहा तुमच्या पोळ्यात आहेत. त्याला मागून ए-एल लावा: रॅशनल. सातही अक्षरं वापरून झाली. पुढून आय-आर लावा: इरॅशनल. रेशन आणि रॅशनल, दोन्ही लॅटिनमधल्या एकाच शब्दाची पोरं आहेत, हिशेब हा त्याचा अर्थ. पोरीला रॅशनल हा गणिताचा शब्द म्हणून एकसंध पाठ झाला होता, म्हणून तुटला नाही, आणि तुटला नाही म्हणून दिसला नाही.

पुढचं आय-आर कुठून आलं तेही तिला सांगा, मराठीच्या तासाला कामाला येईल. 'नाही' अर्थाचा उपसर्ग मुळात आय-एन. आर पुढे आला की एन चा आर होतो, एल पुढे आला की एल, पी किंवा एम पुढे आला की एम. इरॅशनल, इल्लीगल, इम्पॉसिबल. आपल्याकडे सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तसंच. म्हणून इरॅशनल, इल्लीगल यांसारख्या शब्दांत ते अक्षर दोनदा येतं. एकच अक्षर दोनदा वापरता येणाऱ्या खेळात हे फार उपयोगी पडतं.

कडेच्या खणातलं अक्षर आलं तर उलट चाल. ते अक्षरच धरायचं, कारण त्याची सोबत आणि जागा ठरलेली असते. क्यू आला की यू शोधा, पोळ्यात यू नसेल तर क्यू जवळजवळ सोडून द्या. जे शब्दाच्या शेवटी बसत नाही, पुढे किंवा मध्ये. व्ही शेवटी आला की त्याच्यामागे ई येतोच, आय-व्ही-ई हे शेपूट म्हणूनच मोठं. एक्स दिसला की आधी ई-एक्स नं सुरुवात करून बघा. के च्या आधी सी. एफ दिसला की दुसरा एफ लावून पाहा. आमच्याकडे तर एफ-एफ-आय असा तिन्ही अक्षरांचा एकच जोडखिळा ओतून यायचा, 'ऑफिस' आणि 'डिफिकल्ट' साठी, एवढी ती जोडी नेहमीची.

लांब शब्दांचं म्हणाल तर दोन माझ्या कायम लक्षात आहेत. एक बुककीपिंग. बारावी कॉमर्सच्या प्रश्नपत्रिकेवर हायफन घालून यायचा. हायफन काढून सलग जुळवला की दोन ओ, दोन के, दोन ई अशा तीन जोड्या लागोपाठ. के चा खण लहान, दोन के एकदम उचलावे लागणारे शब्द विरळाच. दुसरा 'अनकॉपीराइटेबल', पंधरा अक्षरांचा, आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. पंधरा खण, प्रत्येकातून एकेक खिळा. तो मला छापखाना सुटल्यावर कळला. घरी मी आठवण म्हणून बारा पॉइंटच्या खिळ्यांचा एक लहान डबा ठेवलाय. त्यातून एके रात्री तो जुळवला, शाई लावली, वहीच्या कागदावर हातानं दाबून ठसा काढला. अजून जपून ठेवलाय.

दोह्याचा_डोंबिवलीकर

जुळारीकाका, तुमचं वाचून स्क्रॅबलची पिशवी उघडून बघितली. शंभर सोंगट्यांत ई बारा, क्यू आणि झेड एकेक. हा खेळ करणारे आल्फ्रेड बट्स अमेरिकेतले वास्तुविशारद, १९३० च्या दशकात त्यांनी वर्तमानपत्रांची पानं घेऊन अक्षरं मोजली होती. तुमच्या केसमधल्या खणांची मापं आणि या सोंगट्यांची संख्या, हिशेब एकच.

ताई, काकांच्या शेपटांत माझी एक भर. आम्ही दर शुक्रवारी चौघं खेळतो. सात सोंगट्या एका हातात संपवल्या तर ५० गुण जादा, त्यामुळे सात अक्षरी शब्द पाठ करावे लागतात. पण सुटे पाठ करत नाही, एक सहा अक्षरी बीज धरतो आणि त्यात सातवं अक्षर टाकतो. माझं पहिलं बीज 'रेटिना', डोळ्याचा पडदा: आर, ई, टी, आय, एन, ए. यात सी टाका, ढवळा: सर्टन. डी: ट्रेन्ड, म्हणजे तालीम झालेला. एल: रिलायंट. पी: पेंटर. जी: ग्रॅनाइट. के: केरॅटिन, म्हणजे नखांत आणि केसांत असतं ते. एम: मिनरेट, आपला मिनार. एस: रिटेन्स, आणि नॅस्टिअर सुद्धा.

घरी करायचं असेल तर पुठ्ठ्याचे सात चौकोन कापा. पडद्यावरची अक्षरं हलत नाहीत, म्हणून डोळा पहिल्या क्रमातच अडकतो. चौकोन हातानं हलवले की अडकत नाही. मी पंधरा वर्षं खेळतोय, अजूनही सोंगट्या सारख्या इकडच्या तिकडे करतो.

पिंपरीचा_कोडवाला

काका, तुमचा अनकॉपीराइटेबल माझ्या चाळणीतून काढून पाहिला. पंधरा अक्षरं, एकही पुन्हा नाही, असा आणखी एक निघाला: 'डर्मॅटोग्लिफिक्स'. हातापायांच्या कातडीवरच्या रेषांचा अभ्यास. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखायचं पहिलं सरकारी कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं होतं, त्यामुळे त्या विषयाशी आपलं जुनं नातं. तुम्ही हा पण जुळवा. तुमच्या डब्यात वाय, पी, एच, जी असतील तर.

कराडचा_जुळारी

आहेत. आज रात्रीच बसतो. ठसा काढायला शाईला थोडं रॉकेल लागेल, तेवढं बघतो.

सोलापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले, आणि त्याच सात अक्षरांनी पुन्हा खेळलो, उत्तरं न बघता. लेकीनं काकांचं उत्तर मोठ्यानं वाचलं आणि वहीच्या उजव्या कडेला शेपटं लिहिली.

ए-टी-आय-ओ-एन समोर ठेवल्याबरोबर तिला 'रोटेशन' मिळाला. मग 'इरिटेशन', दहा अक्षरी, दोन आर सकट. आय-आर आधी लावून बघ म्हटलं होतं म्हणूनच. 'नॅरेशन' मला सुचला, कारण तिच्या इंग्रजी व्याकरणात तो प्रकार आहे. 'ट्रिलियन' मिळाला. 'टॉर्टिला' कुठल्या तरी जाहिरातीतून तिला ठाऊक होता. आणि एक असा शब्द मिळाला की मी खुर्चीतून उठलेच: 'लँटाना'. तिच्या शाळेच्या कुंपणाला टणटणी आहे, विज्ञानाच्या बाईंनी तिचं इंग्रजी नाव सांगितलं होतं. शेपूट नाही, उपसर्ग नाही, नुसते ए फिरवता फिरवता सापडला.

शेवटी ती बराच वेळ 'रोटेशन' कडे बघत बसली. म्हणाली, आई, रॅशनलला ए-एल लागतं तर याला का नाही? लावलं. रोटेशनल. दहा अक्षरी आणि पोळ्यातली सातही त्यात. उत्तरांच्या यादीत तो होता, मी नंतर ताडून पाहिलं.

सबकॉन्टिनेन्टल आज वर्गात फळ्यावर लिहिलाय म्हणे.

आजची अक्षरं आत्ताच आली आहेत: मध्ये ओ, भोवती सी, यू, एन, टी, आय, जी. उत्तर सांगू नका, सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. ती शेजारी बसलीये.

कराडचा_जुळारी

आय, एन, जी तिन्ही आहेत ना? ते तीन चौकोन उजवीकडे लावून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. आता डावीकडे चारच राहिले: सी, ओ, यू, टी. आणि एन पुन्हा घेता येतो, हे विसरू देऊ नका तिला.